सातवे सेमिस्टर: जर्मन एफएचमधल्या मीडिया शिक्षणाची पार्श्वभूमी

फाखहोखशूले ही व्यवसायाभिमुख उच्च शिक्षण देणारी जर्मन संस्था, विद्यार्थ्यांच्या तोंडी 'एफएच'. जर्मनीत मीडियाची बॅचलर पदवी काही एफएचमध्ये सहा सेमिस्टरांत पूर्ण होते, काहींत सात लागतात. माहितीपत्रकात हा फरक एका ओळीत उरकलेला असतो. त्या ओळीमागे १९६८ पासूनचा इतिहास आहे, आणि २००३ मधला एक निर्णय आहे, ज्याची किंमत मीडियाचे विद्यार्थी अजून मोजत आहेत.

३१ ऑक्टोबर १९६८ रोजी पश्चिम जर्मनीतल्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी एक करार केला आणि एफएच हा उच्च शिक्षणाचा नवा प्रकार जन्माला आला. त्या वर्षी अभियांत्रिकी शाळांच्या विद्यार्थ्यांनी वर्ग बंद पाडले होते. युरोपीय आर्थिक समुदायातल्या इतर देशांत आपल्याला पूर्ण इंजिनिअर मानणार नाहीत, अशी भीती त्यामागे होती. पहिल्या एफएच १९६९ मध्ये निघाल्या, बहुतेक १९७१ मध्ये. सगळे नव्याने उभारले असे फार थोड्या ठिकाणी झाले. अभियांत्रिकी शाळा, उच्च व्यवसायशाळा आणि उपयोजित कलेच्या शाळा एकत्र आणल्या गेल्या आणि दारावरची पाटी बदलली.

आजचे मीडिया विभाग ज्या शाळांच्या पोटातून आले, त्यातली एकही 'मीडिया' शिकवायला निघाली नव्हती. म्युनिकमध्ये १९०० साली फोटोग्राफीची शिक्षणसंस्था सुरू झाली. स्टुटगार्टमध्ये १९०३ मध्ये छपाई व्यवसायाची शाळा निघाली. कोलोनमध्ये १९५० च्या दशकात फोटो-इंजिनिअर घडवणारी सरकारी शाळा आली. तिथे रसायन, प्रकाशशास्त्र आणि कॅमेऱ्याचे तंत्र शिकवले जाई. ड्युसेलडॉर्फमध्ये ध्वनी आणि चित्र या तंत्राचे इंजिनिअर संगीताच्या शिक्षणासह तयार होत. ब्लॅक फॉरेस्टमधल्या फुर्टवांगेनची एफएच तर मुळात १८५० ची घड्याळजींची शाळा. या सगळ्या शाळा कुठल्या ना कुठल्या यंत्राभोवती वाढल्या होत्या. विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येचा अभ्यास लाइपझिगला १९१६ पासून होता, पण तिथे वृत्तपत्र हा संशोधनाचा विषय होता. फिल्म अकादम्या १९६६ मध्ये बर्लिन आणि म्युनिकमध्ये आल्या, आणि त्यांचा ओढा दिग्दर्शक घडवण्याकडे होता. एफएचच्या वाट्याला आला तो या दोन्हींच्या मधला माणूस. ध्वनिमिश्रण करणारा, प्रक्षेपण सांभाळणारा, छपाईचे रंग जुळवणारा, निर्मितीचा खर्च आणि वेळापत्रक हाताळणारा. जर्मन माध्यमे उभी राहिली ती या माणसाच्या कामावर, आणि त्याच्याविषयी लिहिले मात्र सर्वांत कमी गेले आहे.

करारानंतरच्या दशकात एफएचची चौकट पक्की झाली. १९७६ च्या उच्च शिक्षण चौकट कायद्यानंतरच्या नियमांनुसार एफएचच्या प्राध्यापकाला किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यातली किमान तीन वर्षे शिक्षणसंस्थेच्या बाहेरची असावी लागतात. आठवड्याला साधारण अठरा तास शिकवायचे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला याच्या निम्मे पुरतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकल सेमिस्टर. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या दक्षिणेकडच्या राज्यांत आठ सेमिस्टरांच्या डिप्लोमात (तेव्हाच्या पदवीचे हे नाव) अशी दोन सेमिस्टरे धरलेली असत. विद्यार्थी वर्ग सोडून पूर्ण सेमिस्टर कंपनीत, छापखान्यात, स्टुडिओत काम करी आणि त्याचा अहवाल एफएचला देई. दोन सेमिस्टरे असल्यामुळे दोन वेगळ्या जागा पाहता येत. पहिल्यांदा केबल ओढायच्या, टेपांवर चिठ्ठ्या लावायच्या, बघायचे. दुसऱ्यांदा जबाबदारीचे काम मिळे, आणि डिप्लोमाचा प्रबंध बऱ्याचदा त्याच जागी लिहिला जाई. पुष्कळांची पहिली नोकरीही तिथेच लागे. माझ्या मते एफएचचे खरे वैशिष्ट्य हेच होते.

१ जानेवारी १९८४ रोजी लुडविग्सहाफेनच्या केबल प्रकल्पातून खासगी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि माणसांची मागणी बदलली. त्याआधी सार्वजनिक वाहिन्या आपले तंत्रज्ञ स्वतःच घडवत. आता शेकडो छोट्या निर्मितीसंस्था उभ्या राहिल्या, ज्यांना शिकवत बसायला वेळ नव्हता आणि तयार माणसे हवी होती. १९९० च्या सुमारास फुर्टवांगेनने मीडिया इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे माध्यमांसाठीचे संगणकशास्त्र, सुरू केले. हा विषय देशात जवळपास नवाच होता. दोन जर्मनींच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये पूर्वेकडच्या जुन्या तांत्रिक शाळांच्या एफएच झाल्या, आणि मिटवायडासारख्या लहान गावात मीडिया टेक्निक शिकायला पश्चिमेकडूनही मुले येऊ लागली. मग आली इंटरनेटची तेजी. डीबुर्गमध्ये टपाल खात्याची दूरसंचार इंजिनिअरांची अकादमी होती. खात्याची कंपनी झाली, अकादमीची गरज संपली, आणि २००० मध्ये तो परिसर डार्मश्टाटच्या एफएचकडे येऊन तिथे मीडिया कॅम्पस झाला. हॅनोव्हरमध्ये २००० च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर मीडिया आणि डिझाइनचे वर्ग भरू लागले. वीसबाडेनमध्ये जुन्या फिल्म स्टुडिओंच्या आवारात तेच झाले. स्टुटगार्टमध्ये २००१ साली छपाईची एफएच आणि ग्रंथालयशास्त्राची एफएच एकत्र करून संपूर्णपणे मीडियाला वाहिलेली संस्था उभी राहिली. छपाई, ग्रंथालय, दृक्‌श्राव्य, जाहिरात आणि सॉफ्टवेअर एका छताखाली आले, आणि ही रचना टिकली.

त्याच सुमारास बाजार कोसळला. नव्या कंपन्यांच्या शेअरबाजाराचा फुगा २००० मध्ये फुटला, २००२ मध्ये म्युनिकमधला एक मोठा माध्यमसमूह दिवाळखोरीत गेला. नेमक्या याच काळात पदव्यांची पुनर्रचना चालू होती.

युरोपभर पदव्यांची रचना एकसारखी करणाऱ्या बोलोन्या घोषणेवर जून १९९९ मध्ये २९ देशांच्या सह्या झाल्या. जर्मनीने बॅचलर आणि मास्टर पदव्यांना १९९८ मध्येच प्रायोगिक परवानगी दिली होती. एफएचला या बदलात मोठी संधी दिसली, आणि ती दिसणे स्वाभाविक होते. तोवर त्यांच्या डिप्लोमापुढे कंसात 'एफएच' ही अक्षरे लागत. त्या दोन अक्षरांमुळे सरकारी नोकरीत वेतनश्रेणी एक पायरी खाली मिळे, आणि पीएचडीचे दार विद्यापीठाच्या मर्जीवर उघडे. १२ जून २००३ रोजी राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले की बॅचलर पदवी कुठूनही घ्या, ती एकच. बॅचलरला जुन्या एफएच डिप्लोमाइतके अधिकार, मास्टरला जुन्या विद्यापीठीय डिप्लोमाइतके. कंस गेला. तीस वर्षांची तक्रार मिटली.

पण त्याच वर्षीच्या रचनेच्या नियमांनी गणितही ठरवून टाकले. बॅचलर सहा, सात किंवा आठ सेमिस्टरांचे; त्याला जोडून मास्टर केले तर दोन्ही मिळून दहा सेमिस्टरे आणि ३०० क्रेडिट, त्यापलीकडे नाही. आठ सेमिस्टरांचे बॅचलर ठेवले तर मास्टरला दोनच सेमिस्टरे उरतात, म्हणून ती वाट फार थोड्यांनी धरली. विद्यापीठे सहावर गेली. एफएचपुढे प्रश्न उभा राहिला: सहा की सात? सहा म्हणजे १८० क्रेडिट आणि चार सेमिस्टरांचे ऐसपैस मास्टर. सात म्हणजे २१० क्रेडिट, एक पूर्ण प्रॅक्टिकल सेमिस्टर, आणि तीन सेमिस्टरांचे मास्टर. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गने साधारणपणे सात धरले. इतर अनेक ठिकाणी सहा झाले, आणि प्रॅक्टिकल काही आठवड्यांवर आले. सातवाल्यांकडेही दोनाचे एकच उरले. कागदावर मात्र आठ सेमिस्टरांचा जुना डिप्लोमा आणि सहा सेमिस्टरांचे नवे बॅचलर यांचे अधिकार सारखेच.

सहाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. विद्यार्थ्याचा एका सेमिस्टराचा खर्च वाचतो. मास्टरसाठी दुसरीकडे जाताना क्रेडिटचा मेळ बसतो. शिवाय छोट्या गावात दरवर्षी साठ-सत्तर जणांना पूर्ण सेमिस्टरभर घेतील इतक्या कंपन्या मिळवायच्या कुठून, ही अडचणही खरी होती. तरीही मीडियाच्या बाबतीत हा निर्णय चुकला असे मला वाटते, आणि कारण कामाच्या स्वरूपात आहे. एखादी माहितीपटाची मालिका, सर्व्हरची अदलाबदल किंवा व्यापारी मेळाव्याची तयारी दहा-बारा आठवड्यांत सुरू होऊन संपत नाही. इतक्या दिवसांत विद्यार्थी फक्त सुरुवात पाहतो किंवा फक्त शेवट. कंपनीलाही त्याला शिकवून हाती काही येत नाही, म्हणून त्याच्याकडे किरकोळ कामे दिली जातात. पूर्ण सेमिस्टरभर राहणाऱ्याकडे मात्र तिसऱ्या महिन्यानंतर खरे काम येते.

२०१५ च्या किमान वेतन कायद्याने ही दरी आणखी रुंद केली. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंतच बाहेर. त्याहून लांब असेल तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते, जे तेव्हा ताशी ८.५० युरो होते. हेतू चांगला होता. पदवीनंतर वर्षानुवर्षे फुकट राबवल्या गेलेल्या तरुणांची एक पिढी देशाने पाहिली होती. परिणाम असा झाला की सात सेमिस्टरांच्या अभ्यासक्रमातला विद्यार्थी सहा महिन्यांसाठी सहज घेतला जातो. सहावाल्याला तितकेच राहायचे असेल तर छोटी निर्मितीसंस्था हात आखडता घेते. मग तो एका सेमिस्टराची सुट्टी काढून तीन महिने इथे, तीन महिने तिथे करतो. म्हणजे वाचवलेले सेमिस्टर शेवटी खर्च होतेच, फक्त त्याचे क्रेडिट मिळत नाहीत.

२००९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यानंतर नियम काहीसे सैल झाले, परीक्षांचा भार कमी करण्याचे आदेश निघाले. सेमिस्टरांच्या संख्येचा निर्णय मात्र ज्या त्या राज्यावर आणि संस्थेवर राहिला. काही विभागांनी पुढे स्वतःहून सहाचे सात केले.

नावांचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 'फाखहोखशूले' हे नाव बहुतेकांनी २००० नंतर सोडले. कुणी नुसते 'होखशूले', म्हणजे उच्च शिक्षणसंस्था, झाले, कुणी उपयोजित विज्ञानाचे, आणि काही, बव्हेरियात २०१३ पासून, 'तांत्रिक होखशूले' झाले. पीएचडी देण्याचा हक्क हेसन राज्याने २०१६ मध्ये एका एफएचच्या संशोधनात भक्कम असलेल्या विषयाला पहिल्यांदा दिला. पुढे आणखी काही राज्यांनी वेगवेगळ्या अटींवर तशी सोय केली. मीडियाच्या विद्यार्थ्याला मात्र हे ध्यानात ठेवायला हवे की पत्रकारितेत शिरायची जर्मन वाट अजूनही संपादकीय प्रशिक्षणातून, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या फोलोंटारियाटमधून जाते. एफएचची पदवी तिथे मदत करते, पण त्याची जागा घेत नाही.

मराठी विद्यार्थ्यांचा या इतिहासाशी संबंध गेल्या दशकात वाढला. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि महाराष्ट्र यांची भागीदारी २०१५ ची. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थी जर्मनीतला सर्वांत मोठा परदेशी गट झाले. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांत इंजिनिअरच जास्त. मीडियाकडे जाणारे थोडे, कारण बॅचलरचे बहुतेक वर्ग जर्मनमध्ये चालतात आणि डिझाइनच्या शाखांना कामाचा पोर्टफोलिओ लागतो. मास्टरला जाणाऱ्यांची गाठ थेट २००३ च्या गणिताशी पडते. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीला सहसा जास्तीत जास्त १८० क्रेडिट धरले जातात. तीन सेमिस्टरांच्या मास्टरला २१० हवे असतात. उरलेले ३० काही ठिकाणी जादा विषय घेऊन भरता येतात, काही ठिकाणी पदवीनंतरच्या कामाचा अनुभव प्रॅक्टिकल सेमिस्टर म्हणून धरला जातो, तर काही ठिकाणी अर्जच नाकारला जातो.

खर्चाची बाजूही राज्याप्रमाणे बदलते. २०१४-१५ पर्यंत सर्व राज्यांनी सर्वसाधारण शिक्षणशुल्क मागे घेतले होते. बाडेन-व्युर्टेमबर्गने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टराला १,५०० युरो लावले. म्हणजे ज्या राज्याने सातवे सेमिस्टर जपले, तिथे भारतीय विद्यार्थ्याला त्याच सेमिस्टरासाठी जास्तीचे १,५०० युरो पडतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही लागते. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रात चार वर्षांच्या पदव्या सुरू झाल्या आहेत. त्या चौथ्या वर्षाला किती क्रेडिट द्यायचे हे प्रत्येक एफएचची प्रवेश समिती स्वतः ठरवते, म्हणून अर्जाआधी ते त्या त्या समितीकडून लेखी विचारून घ्यावे.