आर्मस्ट्राँगच्या सूटवरचा पॅच भरतकामाचा नव्हताच

परवा मित्राने ऑनलाइन मागवलेला अपोलो ११ या चांद्रमोहिमेचा पॅच, म्हणजे सूटवर लावायचं कापडी बोधचिन्ह, दाखवला, गरुड, चंद्र, मस्त जाड भरतकाम, आणि म्हणे आर्मस्ट्राँगच्या सूटवर डिट्टो हाच होता. डिझाइन तेच आहे रे, पण कापड वेगळं.

अंतराळात गेलेली पहिली बाई, सोव्हिएत रशियाची तेरेश्कोव्हा, तिच्या सूटवर १९६३ लाच कबुतराचं चिन्ह होतं, पण वरच्या केशरी कव्हरखाली झाकलेलं. नासात ही पॅचची भानगड सुरू झाली १९६५ ला, जेमिनी ५ या मोहिमेपासून. यानांना नाव देणं बंद केलं होतं म्हणून तिचे अंतराळवीर कूपर आणि कॉनरॅड यांनी निदान पॅच तरी द्या म्हणून हट्ट धरला. छत असलेली घोडागाडी, आणि वर लिहिलेलं, 'आठ दिवस, नाहीतर फजिती' अशा अर्थाचं. नासाचे प्रमुख वेब वैतागले, लवकर परत आले तर लोक हसतील ना! मग त्या अक्षरांवर कापडाचा तुकडा लावून झाकलं. आठ दिवसांना तासभर कमी असताना ते उतरले.

आता खरी गंमत. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ यानाच्या केबिनमध्ये जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि तिघे अंतराळवीर गेले. आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने, त्यात नायलॉनबियलॉन भराभर पेटतं. मग सूटच्या बाहेरच्या थरासाठी बीटा कापड आलं, म्हणजे चक्क काचेचे धागे, केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. काच का जळत नाही? जळणं म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जाणं, आणि काचेतल्या सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला चार ऑक्सिजन आधीच चिकटलेले असतात, त्याला अजून नकोच असतो, चुलीतली राख परत पेटते का, तसंच. पण काच घासून तुटते, अंगाला खाजते, म्हणून वर टेफ्लॉनचा लेप, आणि त्यातही कार्बनला फ्लोरिनने इतकं घट्ट धरलेलं असतं की ऑक्सिजनला शिरकाव अवघड. त्यावर साध्या धाग्याचं भरतकाम केलं तर पुन्हा जळाऊ माल आलाच, म्हणून टी-शर्टसारखं स्क्रीन प्रिंटिंग करून ते पॅच सूटवर शिवले.

 

मित्राला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, लायटर लावून बघू का? म्हटलं नको, तुझा जळेल.