दुखत नाही, तेव्हाच दाखवा

तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मराठवाड्यात रुग्ण उशिरा येतात त्यामागे पैसा, अंतर, भीती हे सगळं असतंच. पण दुखत नाही म्हणजे काही नाही, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

मळलेली तंबाखू रोज जिथे धरली जाते, गालात किंवा ओठामागे, तिथलंच अस्तर आधी बदलतं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा उठतो. लाल, मखमली चट्टा क्वचित दिसतो, पण तो जास्त धोक्याचा. मिसरी लावणाऱ्या बायकांनीही हिरड्या आरशात पाहाव्यात. तोंड आलं तर आठ-दहा दिवसांत बरं होतं. दोन-तीन आठवडे न भरणारी जखम मात्र दाखवायलाच हवी.

नुसती सुपारी खाणारेही सुटत नाहीत. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आत तंतू साठवतं. गाल ताठर होतो, ठेचा खाल्ला की आग होते, तोंड उघडणं घटत जातं. आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जात नसतील, तर तपासणी करून घ्या.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडेही तिशीनंतरच्या प्रत्येकाची अशी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. उपकेंद्रात जाऊन ती मागून घ्या.

पक्कं निदान मात्र बायोप्सीनेच होतं. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं पारावर हमखास ऐकू येतं. या भीतीपोटी महिने वाया जातात, आणि आजार खरा पसरतो तो त्या महिन्यांत. जागा बधिर करून संशयित भागाचा छोटा तुकडा घेतात. प्रयोगशाळेत त्याचे केसाहूनही पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बिघडलेल्या पेशी अस्तरातच आहेत, की खालचा पडदा फोडून आत शिरल्या आहेत, हे तिथे कळतं. पुढचे उपचार त्यावर ठरतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात हे सगळं होतं. शासकीय दंत महाविद्यालयातही तोंड दाखवता येतं.

रिपोर्टमध्ये कर्करोग नाही असं आलं, तरी चट्टा तिथेच असतो. तंबाखू-सुपारी बंद करून डॉक्टर सांगतील तेव्हा तो पुन्हा दाखवावा लागतो, दुखत नसला तरी.