क्रेग, रॉजर (बेसबॉल पिचर, कोच आणि मॅनेजर)

क्रेग, रॉजर ली : (१७ फेब्रुवारी १९३० – ४ जून २०२३). अमेरिकन बेसबॉल पिचर (हिटरला म्हणजे बॅट्समनला बॉल टाकणारा), पुढे पिचिंग कोच आणि मॅनेजर (टीमचे डावपेच ठरवणारा प्रमुख). खेळाडू म्हणून नावावर ७४ विजय आणि ९८ पराभव (बेसबॉलमध्ये प्रत्येक मॅचचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या खात्यावर मांडतात), म्हणजे नुसते आकडे पाहिले तर विश्वकोशात स्वतंत्र नोंद करायचं काही कारण नाही. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत स्प्लिट-फिंगर फास्टबॉल (रोजच्या बोलण्यात स्प्लिटर, बोटं फाकवून टाकायचा आणि शेवटी खाली बसणारा) नावाचा बॉल जो साथीसारखा पसरला, तो मुख्यतः याच्या शिकवण्यामुळे पसरला. त्या बॉलचा जनक क्रेगच आहे का, हा प्रश्न वेगळा आणि बराच वादाचा, तो खाली येईल.

जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहमचा. ब्रुकलिन डॉजर्सनं त्याला १९५० मध्ये घेतलं, मधली दोन वर्षं सैन्यात गेली आणि १७ जुलै १९५५ ला तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च लीग) पहिल्यांदा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभा राहिला. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजची (सीझनअखेरची अंतिम मालिका) पाचवी मॅच त्यानं जिंकून दिली, डॉजर्स ती सिरीज जिंकले आणि ब्रुकलिनला मिळालेलं ते एकमेव विजेतेपद ठरलं. २९ सप्टेंबर १९५७ ला फिलाडेल्फियात ब्रुकलिन डॉजर्स या नावानं टीमची शेवटची मॅच झाली, तीही क्रेगनंच सुरू केली (म्हणजे टीमचा पहिला पिचर तो) आणि २–१ नं हरला. नंतर टीम लॉस एंजेलिसला गेली. तोवर खांदा दुखावलेला होता, काही काळ मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या लीगमध्ये) काढावा लागला, आणि तिथून १९५९ मध्ये परत आला तो ११–५ (११ विजय, ५ पराभव) आणि २.०६ ची ईआरए घेऊन (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे, पिचरच्या खात्यावर पडलेले रन, जितके कमी तितकं चांगलं). लीगमध्ये यापेक्षा चांगली ईआरए कुणाचीच नव्हती, पण किताबासाठी १५४ इनिंग लागत होत्या आणि याच्या भरल्या १५२ आणि दोन तृतीयांश, त्यामुळे किताब सॅम जोन्सला गेला.

मग न्यूयॉर्क मेट्स. १९६२ ला नव्यानं निघालेल्या या टीमची पहिलीवहिली मॅच ११ एप्रिलला सेंट लुइसमध्ये झाली, सुरुवात क्रेगची, निकाल ११–४ पराभव. त्या सीझनला मेट्स १२० मॅच हरले आणि त्यातल्या २४ क्रेगच्या खात्यावर. पुढच्या वर्षी तो ५–२२, त्यात सलग १८ पराभव! हे वाचून तो अगदीच टाकाऊ होता असं वाटेल, पण एवढ्या मॅच हरण्यासाठी आधी कुणीतरी तुम्हाला दर चार-पाच दिवसांनी उभं करावं लागतं, आणि मेट्सकडे त्याच्यापेक्षा बरा माणूस नव्हता, शिवाय यातल्या कित्येक मॅच १–० नं गेल्या म्हणजे मागे बॅटिंगच नव्हती. साडेसाती मोडावी म्हणून त्यानं उलट अशुभ मानला जाणारा १३ नंबरचा शर्ट घातला आणि ९ ऑगस्ट १९६३ ला शिकागो कब्जविरुद्ध जिम हिकमनच्या नवव्या इनिंगमधल्या ग्रँड स्लॅमवर (तिन्ही बेसवर म्हणजे धावेच्या थांब्यांवर रनर असताना मारलेला चार रनांचा फटका) ती माळ तुटली.

१९६४ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सकडे. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचमध्ये सुरुवातीचा पिचर रे सॅडेकी पहिल्याच इनिंगमध्ये कोसळला, तेव्हा क्रेग आत आला आणि पावणेपाच इनिंगच्या आसपास यांकीजना एकही रन दिला नाही, आठ जणांना स्ट्राइकआउट (बॉल मारता न येता बाद) केलं, आणि दुसऱ्या बेसवरून पुढे सरकू पाहणाऱ्या यांकीजच्या मिकी मँटलला पिकऑफ केलं (बेस सोडून सरकलेल्या रनरला तिकडे बॉल फेकून बाद करणं). रनरवर नजर ठेवायची त्याची ही सवय पुढे कोच झाल्यावर पिचआउट (धावणारा रनर पकडता यावा म्हणून मुद्दाम बाहेर टाकलेला बॉल) कधी मागायचा यात दिसली, समोरची टीम बेसची चोरी (पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसकडे धावणं) करणार हे त्याला कसं कळायचं याची त्या काळी बरीच चर्चा असायची. नंतर सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, आणि १९६६ ला खेळ संपला.

१९६७ मध्ये डॉजर्सचा स्काउट (नवे खेळाडू हेरणारा), १९६८ मध्ये मायनर लीगमध्ये अल्बुकर्कीचा मॅनेजर, १९६९ पासून नवीन सॅन डिएगो पाद्रेसचा पिचिंग कोच, मध्ये ह्यूस्टन, परत पाद्रेस, असा तो फिरत राहिला. १९७८ मध्ये पाद्रेसचा मॅनेजर झाला आणि टीम ८४–७८ राहिली, पाद्रेसच्या इतिहासातला तो पहिला विजयी सीझन. पुढच्या वर्षी ९३ पराभव आणि नोकरी गेली. १९८० ते १९८४ डेट्रॉइट टायगर्समध्ये स्पार्की अँडरसनच्या हाताखाली पिचिंग कोच. क्रेगच्या कारकिर्दीचा खरा गाभा ही पाच वर्षं, आणि स्प्लिटरचा सगळा गुंता इथेच येतो.

स्प्लिटरचा उगम : याची वंशावळ फोर्कबॉलपर्यंत (दोन बोटांच्या बेचक्यात खोल धरून टाकायचा जुना बॉल) जाते यावर फारसा मतभेद नाही, भांडण आहे ते फोर्कबॉल कुणाचा आणि त्यापासून स्प्लिटर वेगळा कधी झाला यावर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टॅकोमाचा बर्ट हॉल असा बॉल टाकायचा असं म्हणतात. सर्वसाधारण श्रेय जातं ‘बुलेट’ जो बुशला, साधारण १९२० च्या आसपास, अर्थात तो दावा त्याचा स्वतःचाच होता एवढं लक्षात ठेवावं. १९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या एलरॉय फेसनं रिलीफ पिचर (मॅचच्या मध्यात बदली येणारा) म्हणून हा बॉल गाजवला, १९५९ मध्ये तो १८–१ होता. जपानमध्ये हाच बॉल चुनिची ड्रॅगन्सच्या शिगेरू सुगिशितानं रुजवला आणि तिथे त्याची परंपरा कधी तुटलीच नाही. अमेरिकन लेखक हा भाग एका वाक्यात उरकतात, ते बरोबर वाटत नाही, कारण हिदेओ नोमोपासून शोहेई ओहतानीपर्यंतची जपानी पिचरांची रांग क्रेगच्या शाळेतून आलेली नाही.

दुसरा धागा फ्रेड मार्टिनचा. हा जुना कार्डिनल्स पिचर, नंतर शिकागो कब्जच्या मायनर लीगमध्ये शिकवायचा. १९७३ मध्ये ब्रूस सटर नावाचा पोरगा कोपराच्या ऑपरेशननंतर फास्टबॉलची धार गमावून बसला होता, त्याला मार्टिननं बोटं फाकवून बॉल धरायला शिकवलं. सटर १९७९ चा साय यंग अवॉर्ड (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) घेऊन गेला, एकही मॅच स्टार्टर म्हणून न खेळता २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानितांच्या यादीत) गेला. मार्टिन १९७९ मध्येच वारला.

क्रेगची स्वतःची हकिगत अशी की सॅन डिएगोत तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवत होता, कर्व्हबॉलनं कोवळ्या हाताचं नुकसान होतं म्हणून मनगट न पिळता खाली पडणारा एखादा बॉल शोधत होता आणि त्यातून हा सापडला. ही गोष्ट साधारण १९७९-८० च्या सुमाराची धरतात. पण सटर त्याच्या आधी चार-एक वर्षं पाद्रेसच्याच लीगमध्ये हाच बॉल टाकत होता आणि क्रेग पाद्रेसमध्ये असताना तो समोरून पाहत होता, तेव्हा अगदी शून्यातून सापडला असं मानणं जड जातं. काही जण म्हणतात की मार्टिन-सटरचा बॉल म्हणजे फोर्कबॉलच, वेगानं टाकायचा खरा स्प्लिटर क्रेगचा. बोटांची ठेवण पाहिली तर हा फरक फार ताणल्यासारखा वाटतो. पकड मार्टिनची आणि प्रसार क्रेगचा, हे मत पुराव्याला जास्त धरून आहे.

पकड आणि क्रिया : फोर्कबॉलमध्ये बॉल पहिल्या आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात पार आतपर्यंत घुसवतात. स्प्लिटरमध्ये तो थोडाच आत जातो, बोटं शिवणीच्या बाहेरच्या बाजूला टेकलेली, अंगठा खाली. क्रेगचा सगळा भर यावर की हात फास्टबॉलच्याच वेगानं फिरवायचा, मनगट वळवायचं नाही, बाकीचं बोटं बघून घेतील. क्रिकेटमध्ये फास्ट बॉलर हात तोच ठेवून स्लोअर वन टाकतो तसंच हे, फक्त इथे टप्पा नाही त्यामुळे सगळं हवेतच व्हावं लागतं. साध्या फास्टबॉलला उलट फिरकी जोरात असते, ती त्याला हवेत थोडं धरून ठेवते. फाकलेल्या बोटांतून सुटलेल्या बॉलला ती फिरकी कमी मिळते, मग गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं आणि १८.४४ मीटरच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यात बॉल खाली बसतो. वेगही फास्टबॉलपेक्षा थोडा कमी. हिटर फास्टबॉल समजून बॅट फिरवतो आणि बॉल खालून निघून जातो.

शिष्य : डेट्रॉइटमध्ये मिल्ट विलकॉक्स आणि जॅक मॉरिस यांच्या हाती हा बॉल आला, मॉरिसच्या बाबतीत १९८३ च्या आसपास. ७ एप्रिल १९८४ ला मॉरिसनं शिकागो व्हाइट सॉक्सला एकही हिट दिला नाही, टायगर्सनी तो सीझन ३५–५ असा सुरू केला, १०४ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजमध्ये क्रेगच्याच जुन्या पाद्रेसना ४–१ हरवलं. मात्र सगळं श्रेय स्प्लिटरला देणाऱ्यांनी हे पाहावं की त्या वर्षीचा साय यंग आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही घेणारा टायगर्सचा विली हर्नांडेझ स्क्रूबॉल (कर्व्हबॉलच्या उलट दिशेला वळणारा बॉल) टाकायचा.

सीझन संपल्यावर क्रेग निवृत्त होऊन सॅन डिएगोला घरी बसला. तिथे त्या हिवाळ्यात ह्यूस्टनचा जनरल मॅनेजर (खेळाडू आणि मॅनेजर नेमणारा अधिकारी) अल रोझेननं माइक स्कॉटला त्याच्याकडे पाठवलं. स्कॉट १९८४ मध्ये ५–११ होता, करिअर संपत आलेलं. थोड्या दिवसांच्या शिकवणीनंतर १९८५ मध्ये १८–८ आणि १९८६ मध्ये ३०६ स्ट्राइकआउट, २.२२ ईआरए, साय यंग. गंमत अशी की तोवर रोझेन सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला होता आणि त्यानं सप्टेंबर १९८५ मध्ये क्रेगलाच मॅनेजर नेमलं होतं, त्यामुळे २५ सप्टेंबर १९८६ ला स्कॉटनं नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण मॅच) टाकून ह्यूस्टनला डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकून दिली तेव्हा समोर क्रेगचीच टीम होती. स्कॉट बॉल नियमाबाहेर खरवडतो असा आरोप करणाऱ्यांमध्ये क्रेग पुढे होता. स्कॉटनं ते कधी मान्य केलं नाही आणि काही सिद्धही झालं नाही.

जायंट्स : क्रेग आला त्या १९८५ च्या सीझनला टीम १०० मॅच हरली होती. १९८६ ला विल क्लार्क आणि रॉबी थॉम्पसन या नव्या पोरांना घेऊन ८३–७९, १९८७ ला डिव्हिजन विजेतेपद, १९८९ ला नॅशनल लीगचं (मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एक) पेनंट म्हणजे विजेतेपद. त्याची ‘हम बेबी’ ही आरोळी शहरभर झाली. १९८९ मध्ये लीगची सर्वात कमी ईआरए (२.२८) स्कॉट गॅरेल्ट्सची, तोही स्प्लिटरवाला. वर्ल्ड सिरीज खाडीपलीकडच्या ओकलंडशी होती, १७ ऑक्टोबरला तिसऱ्या मॅचच्या थोडं आधी लोमा प्रिएटा भूकंप झाला, दहा दिवस खेळ थांबला आणि शेवटी ओकलंडनं ४–० धुतलं. १९९२ नंतर मालकी बदलली तेव्हा क्रेग आणि रोझेन दोघेही गेले. मॅनेजर म्हणून क्रेगचा एकूण हिशोब ७३८–७३७. त्याच्या जागी आलेला डस्टी बेकर त्याच्याच कोचिंग स्टाफमधला, आणि क्रेगचा कॅचर (पिचरचा बॉल झेलणारा) बॉब ब्रेनली २००१ मध्ये मॅनेजर म्हणून अ‍ॅरिझोनाला वर्ल्ड सिरीज जिंकून देणार होता.

हाताला धोका? : क्रेगचा दावा होता की हा बॉल कर्व्हबॉलपेक्षा हाताला सोपा. १९९० च्या दशकात मत उलटं फिरलं. स्प्लिटरवाल्या पिचरांच्या कोपराच्या आणि खांद्याच्या दुखापती दिसायला लागल्या, फास्टबॉलचा वेग उतरतो अशी तक्रार झाली, आणि बऱ्याच टीमनी तरुण पिचरांना तो शिकवणं बंद केलं. पण दुखापती सगळ्याच पिचरांना होतात, आणि दोष नेमका या पकडीचाच असं ठामपणे दाखवणं अवघड आहे, जपानमध्ये तर तो कधीच बंद झाला नाही. २०२० नंतर कोदाई सेंगा, योशिनोबू यामामोतो, शोता इमानागा असे जपानी पिचर अमेरिकेत आले आणि तिथल्या टीम आपल्या मुलांना पुन्हा बोटं फाकवायला शिकवू लागल्या.