बीएमआय बावीस, तरी पोट सुटलेलं

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. एवढं आता बहुतेकांना पाठ असतं. पण बीएमआय म्हणजे चरबी नव्हे. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या केसपेपरवर ‘बीएमआय २२, नॉर्मल’ एवढाच शेरा दिसला की मला अजूनही राग येतो.

मणक्याला जबर मार लागून पायांतलं बळ गेलं, की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने झिजतात. स्नायू कमी झाले की शरीर स्वस्थ असताना खर्च होणारी ऊर्जाही घटते. ताट मात्र पूर्वीचंच राहतं, शिवाय ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून घरचे तूप वाढतात. मग चार किलो स्नायू जातात, चार किलो चरबी येते आणि काटा जागचा हलत नाही. वजन तेच, उंची तीच, म्हणून बीएमआयही तोच. बदललेलं असतं ते आतलं शरीर. १७० सेंमी उंची आणि ६४ किलो वजन म्हणजे बीएमआय २२.१. चालत्याफिरत्या माणसासाठी हा आकडा छान आहे. पण मेरुरज्जूच्या, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराच्या, इजेवर काम करणाऱ्या संशोधकांनी अशा रुग्णांसाठी लठ्ठपणाची रेषा २२ वरच आखावी असं सुचवलं आहे. एकच आकडा एकाला शाबासकी देतो, दुसऱ्याला धोक्याची सूचना.

म्हणून माझा भर कमरेच्या मापावर आहे. या मंडळींचं माप आडवं झोपवून घ्यावं. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही सर्वसाधारण मर्यादा. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर पोटाचे स्नायूही सैल पडतात आणि चरबी फार नसतानाही पोट पुढे येतं. त्यामुळे एकदा घेतलेल्या मापावर निकाल देऊ नये, ते महिन्यागणिक कुठे चाललंय ते पाहावं.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. वजन करताना माणसाला खुर्चीसकट तोलायचं आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. उभं राहता येत नसेल तर उंची झोपवून मोजायची. गुडघ्याखाली पाय कापलेला असेल तर गेलेला भाग शरीराच्या सुमारे ५.९ टक्के असतो, म्हणून कृत्रिम पाय काढून केलेलं वजन ०.९४१ ने भागायचं. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचे ६० किलो मग ६३.८ होतात आणि बीएमआय २२ वरून २३.४ वर जातो.

आणि कृपा करून चरबी उतरवायची म्हणून डाळ, अंडी, दूध तोडू नका. प्रथिनं कमी पडली की उरलेले स्नायूही झिजतात आणि बेडसोर (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) झालाच तर तो भरायला फार वेळ लागतो. पलंगावरून खुर्चीत जाताना सगळा भार खांदे आणि दंड उचलतात, म्हणून तिथले स्नायू टिकायलाच हवेत. कमी करायचा तो भात, साखर, फरसाण आणि ते वरचं तूप.