ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकातील प्रारंभदोष

संगणकाचा प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड उत्पादकाने ठरवून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (फ्रिक्वेन्सीपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. असा संगणक बटण दाबूनही सुरू न होणे, पंखे फिरत असताना डिस्प्ले न येणे, अथवा विंडोज उघडता उघडता बंद पडणे हे त्याचे प्रारंभदोष होत. विदर्भाच्या ग्रामीण भागात हे दोष मुख्यतः लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्या फोटो स्टुडिओंत आणि जुन्या संगणकातून अधिक वेग मिळवू पाहणाऱ्या तरुणांच्या घरी आढळतात. दुरुस्तीसाठी केबिनेट घेऊन नागपूर वा अमरावती गाठण्यात दिवस मोडतो, म्हणून निदानाचा क्रम वापरणाऱ्यालाच ठाऊक असणे येथे विशेष मोलाचे आहे.

प्रोसेसरची कंप्रता ही मूळ घड्याळ (मदरबोर्डकडून मिळणारे ठोके, बेस क्लॉक) आणि गुणक यांच्या गुणाकारातून ठरते. १०० मेगाहर्ट्‌झला ४० ने गुणल्यास ४.० गिगाहर्ट्‌झ, ४६ ने गुणल्यास ४.६ गिगाहर्ट्‌झ मिळतात. वाढीव कंप्रता टिकवण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि प्रोसेसरला लागणारी शक्ती स्थूलमानाने कंप्रता गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. म्हणजे वरील बदलासोबत व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वेग १५ टक्के वाढतो, पण उष्णता सुमारे ४५ टक्के वाढते. उत्पादकाने राखून ठेवलेला सुरक्षिततेचा वाव ओव्हरक्लॉकिंगमध्ये खर्ची पडतो, आणि उरलेला वाव विदर्भातील उन्हाळा व अस्थिर वीजपुरवठा खातात. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा हीट सिंक खोलीतील हवेनेच थंड होतो. त्यामुळे जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९८ अंशांपर्यंत चढतो, आणि अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. हिवाळ्यात जुळवलेली सेटिंग उन्हाळ्यात बिनसते ती यामुळे.

कोणताही सुटा भाग बदलण्यापूर्वी संगणक मूळ सेटिंगवर आणणे ही निदानाची पहिली पायरी आहे. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा सेटिंग-कार्यक्रम) उघडत असेल तर तेथील सेटिंगची मोबाइलवर छायाचित्रे घेऊन डिफॉल्ट सेटिंग निवडावी. डिस्प्लेच येत नसेल, तर प्लग काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा आणि मदरबोर्डवरील ‘क्लिअर सीमॉस’च्या (बायोसची सेटिंग साठवणारी स्मृती पुसण्याच्या) दोन पिना क्षणभर जोडाव्यात, किंवा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटे काढून ठेवावा. यानंतर संगणक नीट सुरू झाला तर दोष बहुधा ओव्हरक्लॉकिंगचा आहे; न झाला तर तो इतरत्र शोधावा लागतो. ही विभागणी न करता एकदम नवी रॅम किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) आणणे हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, आणि ज्या घरात संगणक कापसाच्या चुकाऱ्यातून आलेला असतो तेथे तो सोसवत नाही.

येथे दोन गोष्टी फसवतात. पहिली अशी, की अनेक मदरबोर्ड वाढीव सेटिंग जमली नाही की स्वतःच काही वेळा बंद-चालू होऊन मूळ सेटिंगकडे परततात, आणि हाच बिघाड वाटतो. डीडीआर५ रॅम असलेल्या संगणकात पहिल्या वेळी रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, आणि त्या अवधीत वीज तोडू नये. दुसरी अशी, की सीमॉस पुसल्यावर बूटची पद्धतही बदलू शकते. जुन्या लिगसी पद्धतीने टाकलेली विंडोज मग सापडत नाही आणि डिस्क गेली असा समज होतो. ती पद्धत बायोसमध्ये पूर्ववत केली की डिस्क पुन्हा ओळखली जाते.

मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे दिवे असल्यास जेथे दिवा अडकतो तेथून तपास सुरू करावा. डीरॅमवर अडकल्यास एक्सएमपी प्रोफाइल (रॅमची वाढीव वेगाची तयार सेटिंग) बंद करून रॅमची एकच पट्टी लावावी. थंडीत पहाटे पहिल्या खेपेला न लागणारा आणि दुसऱ्या खेपेला लागणारा संगणक काठावरच्या रॅम सेटिंगकडे किंवा एसएमपीएसमधील थकलेल्या कपॅसिटरकडे बोट दाखवतो. विंडोज उघडताना ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ अशी निळी पाटी आली, तर प्रोसेसरला त्या वेगासाठी व्होल्टेज अपुरे असण्याची शक्यता मोठी असते. अस्थिर रॅममुळे डिस्कवरील फाइली बिघडलेल्या असू शकतात, म्हणून मूळ सेटिंगवरही विंडोज न उघडल्यास तिची दुरुस्ती करून पाहावी.

वीजपुरवठ्याची तपासणी गावात सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. एकाच डीपीवरील (गावच्या रोहित्रावरील) मोटारपंप चालू झाले की घरातले व्होल्टेज २३० वरून बरेच खाली येते. साधा एसएमपीएस तेवढ्यावर मूळ वेग पेलतो, वाढीव भार पेलत नाही. मल्टिमीटरने सॉकेटचे व्होल्टेज पंप चालू असताना आणि बंद असताना मोजावे, तसेच भार असताना एसएमपीएसमधून येणारी १२ व्होल्टची वायर मोजावी; ११.४ च्या खालचे मोजमाप एसएमपीएस किंवा त्याचा पुरवठा दोषी असल्याचे सांगते. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर लाईट जाताच संगणक बंद पडतो. केबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे; उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो व त्यात पाणी घालावे लागते. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार राहतो.

जिनिंगच्या गावांत रुईचे तंतू हीट सिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात आणि बाहेरून पंखा फिरताना दिसत असूनही हवा आत शिरत नाही. पंखा हाताने धरून, मऊ ब्रश व ब्लोअरने ते काढावेत. कूलरची ओलसर हवा थेट केबिनेटवर घेऊ नये. धूळ व ओल एकत्र बसून रॅमच्या संपर्कपट्ट्या मळतात, आणि त्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्यावर अनेकदा डिस्प्ले परत येतो.

दोष सापडल्यानंतर वेग पुन्हा वाढवायचा झाल्यास गुणक एकेक पायरीने वाढवून प्रत्येक पायरीवर मेमटेस्ट८६ (रॅमची चाचणी) व प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवावेत, आणि शेवटची चाचणी उन्हाळ्यातील दुपारी, पंप चालू असण्याच्या वेळेत घ्यावी.