मंदीनंतर तेल-वायूची मागणी कशी परतते?

20 एप्रिल 2020. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं कुशिंग म्हणजे तेलाच्या टाक्यांचं गाव. कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याची, म्हणजे ठरल्या भावाने पुढे तेल घेण्याच्या कराराची, मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. ज्यांच्याकडे सौदे उरले होते, त्यांना दर सौद्यामागे 1000 बॅरल तेल खरोखर उचलावं लागणार होतं आणि भाड्याने घ्यायला टाकी मिळेना. त्या दिवशी बॅरलचा भाव बंद झाला उणे 37.63 डॉलरवर, म्हणजे तेल घेऊन जा म्हणून विकणाराच पैसे देत होता. टाळेबंदीमुळे त्या महिन्यात जगाची मागणी दिवसाला 2 कोटी बॅरलहून जास्त घसरली होती. मागणी आता पूर्वपदावर येणारच नाही, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. 2023 मध्ये तिने 2019 ची पातळी ओलांडली.

2008 च्या आर्थिक संकटानंतरही असंच झालं होतं. दोन वर्षं घटलेली मागणी 2010 मध्ये भरून निघाली. 1979 नंतरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला तीच सगळ्यात बोलकी वाटते. इराणमधल्या क्रांतीनंतर भाव भडकले, मंदी आली, आणि मागणी जुन्या पातळीवर यायला जवळपास दशक गेलं. कारण तोवर वीज केंद्रांनी तेलाची साथ सोडली होती. 1973 मध्ये जगातली सुमारे पाव वीज तेलावर तयार होत असे. त्या जागी कोळसा, अणुऊर्जा आणि वायू आले. आज विजेत तेलाचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास आहे. पर्याय हाताशी असला की गेलेली मागणी परत येत नाही.

2020 नंतर तसा पर्याय पुरेसा तयार नव्हता, आणि पुरवठा मात्र आटला होता. ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाने मे 2020 पासून दिवसाला 97 लाख बॅरलची कपात केली, कंपन्यांनी नव्या विहिरींवरचा खर्च थांबवला. चालू विहिरींचं उत्पादन तर दरवर्षी आपोआप घटतच असतं. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (हवेत जाईल तेवढाच हरितगृह वायू काढून घेण्याची स्थिती) गाठायचं, तर आधीच मंजूर झालेल्यांपलीकडे नवी तेल-वायू क्षेत्रं नकोत, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मे 2021 मध्ये मांडलं. ते उद्दिष्ट योग्यच होतं. पण त्या आराखड्यात मागणीही वेगाने उतरायला हवी होती. प्रत्यक्षात कारखाने सुरू झाले आणि ती चढली. त्याच वर्षी युरोपात वायूचे भाव विक्रमी झाले.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. रशियाचा वायू कमी होताच युरोपने चढ्या भावाने द्रवरूप वायूची जहाजं आपल्याकडे वळवली. तो भाव न परवडल्याने पाकिस्तान आणि बांगलादेशात तासन्‌तास वीज जाऊ लागली. या सगळ्या हिशेबात त्यांच्या अंधाराची नोंद फार थोड्यांनी घेतली, याची खंत वाटते.

आता वीज केंद्रांसारखा बदल रस्त्यावर सुरू झाला आहे. 2024 मध्ये जगात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी पाचातली एक विजेवर चालणारी किंवा प्लग-इन हायब्रिड (चार्ज होणारी बॅटरी आणि इंधन दोन्हींवर चालणारी) होती. विमानाचं इंधन आणि प्लॅस्टिकसाठी लागणारा नाफ्था यांना मात्र तितका स्वस्त पर्याय अजून नाही.