जुन्या वास्तूवर नवे दिवे लावायचेत? मराठवाड्यात परवानगी कुणाकडे, कागद कोणते

मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की गावोगावची मंडळं, नगरपालिका आणि देवस्थानांचे विश्वस्त एकच विचारणा करतात: वेशीवर, गढीवर, मंदिरावर रोषणाई करायची आहे, अर्ज कुठे द्यायचा? वास्तू किती जुनी आहे यावरून हे ठरत नाही, ती कुणाच्या यादीत आहे यावरून ठरतं. एकाच गल्लीतल्या दोन निजामकालीन इमारतींसाठी दोन वेगळ्या कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागू शकतात. त्यामुळे दिव्यांचं कोटेशन मागवायच्या आधी वास्तूचा दर्जा लेखी काढून घ्यावा.

यादी कुणाची?

अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी ही केंद्र संरक्षित स्मारकं. त्यांना 1958 चा केंद्रीय कायदा लागू आहे आणि ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. इथे खासगी माणसाला किंवा मंडळाला स्वतः दिवा लावायची पात्रताच नाही. तुम्ही प्रस्ताव देऊ शकता, काम सर्वेक्षणाच्या देखरेखीखालीच होतं. प्रस्ताव छत्रपती संभाजीनगरच्या मंडळ कार्यालयात, अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे द्यायचा. कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा पैसा यात घालायचा असेल तर सप्टेंबर 2023 पासून ‘ॲडॉप्ट अ हेरिटेज 2.0’ हा रीतसर मार्ग आहे. त्यात करार होतो, पण स्मारक सर्वेक्षणाकडेच राहतं.

नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार हे किल्ले राज्य संरक्षित. त्यांना 1960 चा राज्याचा कायदा लागतो. मुंबईचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय हे त्यांचं मुख्य कार्यालय; आपल्याकडे सहायक संचालकांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. अर्ज तिथे द्यायचा. राज्याचीही ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची स्मारक संगोपन योजना आहे आणि नळदुर्ग तिचं मराठवाड्यातलं ठळक उदाहरण. दिव्यांसाठी निधी देऊ पाहणाऱ्या संस्थेने सुटा अर्ज करण्याआधी ही वाट तपासावी.

तिसरी यादी महापालिकेची किंवा नगरपालिकेची. नगररचना कायदा 1966 आणि त्याखालची विकास नियंत्रण नियमावली यांच्या आधाराने वारसा वास्तूंना श्रेणी 1, 2, 3 दिलेली असते. श्रेणी 1 मध्ये वास्तू टिकवण्यासाठी गरजेचं असेल तेवढंच करता येतं, आतही आणि बाहेरही. श्रेणी 2 मध्ये आतल्या बदलांना थोडी मोकळीक, श्रेणी 3 मध्ये आणखी थोडी. अर्ज नगररचना विभागात द्यायचा, तो वारसा संवर्धन समितीपुढे जातो. संभाजीनगरच्या दरवाजांबाबत तर प्रत्येक दरवाजाचा वेगळा तपास करा. ‘सगळे दरवाजे महापालिकेचे’ हे गृहीत धरून चालणारे नंतर अडकतात.

उरलेले वाडे, गढ्या, बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) बहुतेक वेळा कुणाच्याच यादीत नसतात. तिथे मालकाची संमती आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी पुरते. मात्र एक अट आहे.

शंभर आणि तीनशे मीटर

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित भाग, ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीने कायद्यात पक्की झाली. अंतर घुमटापासून किंवा मुख्य दारापासून मोजत नाहीत, अधिसूचित संरक्षित हद्दीपासून मोजतात. दौलताबादच्या किल्ल्याला लागून किंवा मकबऱ्याजवळ बेगमपुऱ्यात घर असेल तर हा फरक तुमच्या अर्जाचं भवितव्य ठरवतो.

प्रतिबंधित भागात 16 जून 1992 पूर्वी उभ्या असलेल्या (किंवा नंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या) इमारतीच्या मालकालाच दुरुस्ती-नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. नियंत्रित भागात बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी अर्ज चालतो. कायद्यातल्या बांधकामाच्या व्याख्येतून जनतेसाठीचा वीजपुरवठा आणि त्याची देखभाल वगळली आहे, म्हणून पथदिव्यांचं काम आणि तुमच्या वाड्याच्या दर्शनी भागावरचे झोत दिवे एका मापाने मोजले जात नाहीत. आपलं काम कशात बसतं हे स्वतः ठरवू नका; सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे या अर्जांसाठी कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला, लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

इथली मुदत मात्र कायद्यातच लिहिली आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने कामाचा स्मारकावर काय परिणाम होईल ते दोन महिन्यांत कळवायचं, त्यानंतर महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याने परवानगी किंवा नकार द्यायचा. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्यात जागेचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. कागद अपुरे असतील तर ही मुदत कागदावरच राहते, म्हणून समारंभाची तारीख धरून किमान सहा महिने आधी लागावं असं माझं मत आहे.

अर्ज कोण करू शकतो

मालक, नोंदणीकृत विश्वस्त संस्था किंवा स्थानिक स्वराज्य संस्था. भाडेकरूला मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. विद्युत ठेकेदार, सजावटवाले, उत्सव समिती यांच्या नावाने केलेला अर्ज टिकत नाही. त्यांचं नाव काम करणारे म्हणून आत यायला हवं. वाडा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या. पुण्यातला पुतण्या आणि परदेशातली बहीण यांची संमती मिळवण्यात जितका वेळ जातो, तितका सरकारी कार्यालयातही जात नाही.

मालकीचे कागद

शहरात नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8, गावठाणाबाहेर सातबारा. सोबत चालू करपावती. आपल्याकडची खरी अडचण निजाम काळातल्या नोंदींची. मंदिर, दर्गा, मठ यांच्या इनामाचा मुंतखब (निजाम सरकारचा इनाम मान्य करणारा कागद) उर्दूत असतो, काही जुने कागद मोडी लिपीत. त्यांचं मान्यताप्राप्त भाषांतर मूळ प्रतीसोबत जोडा, नाहीतर फाइल ‘वाचता येत नाही’ या शेऱ्यावर थांबते. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1 चा ताजा उतारा आणि विश्वस्त मंडळाचा ठराव. वक्फ मालमत्तेसाठी वक्फ मंडळाचं पत्र लागतं. त्याचं मुख्य कार्यालय संभाजीनगरलाच असल्याने मुंबईची फेरी वाचते. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या बारवेसाठी ग्रामसभेचा ठराव घेतलेला बरा, मासिक सभेच्या ठरावावर पुढे कुणीतरी बोट ठेवतं.

दिव्यांचा आराखडा: अर्जाचा खरा गाभा

मालकीचे कागद सगळेच जोडतात. अर्ज परत येतो तो आराखड्यामुळे. ‘इमारतीवर एलईडी रोषणाई करणे’ एवढ्या एका ओळीवर कोणतीही समिती मान्यता देणार नाही, आणि देऊही नये. तपासणाऱ्याला दिवा किती सुंदर दिसेल यापेक्षा तो कुठे टेकणार, तार कुठून जाणार आणि उद्या काढला तर मागे काय उरणार, हे कळायला हवं असतं.

म्हणून दर्शनी भागाचं मोजमापी रेखाचित्र घ्या आणि त्यावर प्रत्येक दिव्याला क्रमांक द्या. त्या क्रमांकासमोर वॅट, झोताचा कोन, प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये, आयपी दर्जा (धूळ-पाण्यापासून दिव्याचं संरक्षण किती, त्याचा आकडा) आणि बसवण्याची पद्धत लिहा. बसवणीचं एक तरी मोठ्या प्रमाणातलं तपशीलचित्र हवं. दगडात भोक पाडणार नाही, गरज पडली तर दोन दगडांमधल्या चुन्याच्या दरजेतच पाडू, सिमेंट वापरणार नाही, ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे असतील, असं स्पष्ट लिहा. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाची कड उडवतं. जुन्या वेशींवर सिमेंटमध्ये गाडलेल्या अँगलभोवतीच्या भेगा बघितल्या की हे पटतं. जमेल तिथे दिवे वास्तूवर न लावता समोर जमिनीवर, जड पायावर नुसते ठेवावेत.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अर्थिंगचा खड्डा आणि केबलची चर. संरक्षित हद्दीत ते उत्खनन ठरतं. दिव्यांना मान्यता मिळाली आणि खड्ड्यासाठी काम थांबलं, असं होऊ नये म्हणून खड्ड्याची जागा आणि खोली नकाशावर दाखवा.

प्रकाशाबद्दल थोडं. आपला दगड काळा बेसाल्ट, तो प्रकाश पिऊन टाकतो. समोरून मोठा झोत मारून तो उजळत नाही, फक्त बघणाऱ्याचे डोळे दिपतात. भिंतीच्या जवळून, तिरप्या कोनातून आलेल्या मंद प्रकाशात छिन्नीचे घाव उठून दिसतात आणि वीजही कमी लागते. मकबऱ्यात संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला आहे, बाकी बराच भाग गिलाव्याचा. एकच दिवा दोन्हींवर वेगळा दिसतो. 2700 ते 3000 केल्विनचा उबदार प्रकाश चुन्याला आणि दगडाला दोन्हींना मानवतो. रंग बदलणारे दिवे कायमस्वरूपी प्रस्तावात घालू नयेत, असं मी स्पष्टच सांगतो.

वाड्यात चित्रं काढलेली भिंत किंवा रंगवलेलं लाकडी छत असेल तर त्याचा वेगळा परिच्छेद लिहा. दगडाला प्रकाशाने इजा होत नाही, रंगाला होते आणि ती साठत जाते. संग्रहालयांत नाजूक रंगांसाठी 50 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) ही मर्यादा पाळतात. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे आणि चित्रांच्या लेण्यांत ऑप्टिकल फायबरचे दिवे आणले ते याच काळजीपोटी. लाकडी वाड्यात दिव्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे, तापणारे डबे) तुळईवर ठोकू नका. बारवेत रात्रभर प्रकाश राहिला तर ओल्या दगडावर शेवाळ धरतं, म्हणून वेळेची मर्यादा अर्जातच नमूद करा. किल्ल्यात किंवा लेण्यात वटवाघळांची वस्ती असेल तर त्या दालनांत दिवे नकोतच.

यासोबत दिवसा आणि रात्री काढलेले सध्याच्या स्थितीचे फोटो, आर्किटेक्चर परिषदेकडे नोंदणी असलेल्या, शक्यतो संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाची सही, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत आणि ‘सांगितल्यास स्वखर्चाने काढून घेऊ’ असं हमीपत्र. एका रात्रीच्या चाचणीची तयारी आपणहून दाखवा. समितीच्या सदस्यांनी तात्पुरता दिवा लागलेला एकदा पाहिला की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

दोन दिवसांची रोषणाई

15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, शिवजयंती, उरूस, नवरात्र. तात्पुरती असली तरी संरक्षित वास्तूवर परवानगी लागतेच; अर्ज छोटा असतो इतकंच. तारखा, वेळ, जनरेटर कुठे उभा राहणार आणि कोणत्या दिवशी सगळं उतरवणार हे लिहा. माळा कोरीव कामाला, कळसाला किंवा कंगोऱ्यांना बांधू नका. महाशिवरात्रीला बारवांवर पणत्या लावायची चांगली चाल रुजली आहे, पण तेल दगडात मुरतं आणि डाग निघत नाही. पणतीखाली ताटली किंवा वाळू हवी. केंद्र संरक्षित स्मारकाला विनापरवानगी इजा केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

परवानगीनंतर

महावितरणकडे नवीन जोडणी किंवा वाढीव भाराचा अर्ज वारसा परवानगीची प्रत जोडूनच करा. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. मीटरची पेटी दर्शनी भिंतीवर येणार नाही हे लाइनमनला नव्हे, उपविभागीय कार्यालयाला लेखी कळवा. नाहीतर तो सोयीचा म्हणून नेमका कमानीशेजारचा कोपरा निवडतो. काम संपल्यावर दिव्यांच्या क्रमांकांप्रमाणे फोटो लावलेला पूर्तता अहवाल मूळ कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पुढे एखादा दिवा बदलताना वॅट किंवा रंग वेगळा येणार असेल तर त्याच फाइल क्रमांकावर आधी पत्र द्यावं लागतं, म्हणून तो क्रमांक टायमरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.